सोमवारी मरणाऱ्या कोंबड्या

नवागाम, सुरत
२ मे २०२३

चि. योगिता,

पत्र हातात पडल्यावर तू आधी दचकशील आणि मग मला फोन करशील. करू नकोस. शेजारच्या कापडाच्या कारखान्यात सोळा लूम एकदम चालतात, त्यामुळे फोनवर मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की अख्खी चाळ ऐकते. ही गोष्ट चाळीने ऐकण्यासारखी नाही.

आमच्याकडे खून होताहेत. तीन झाले. तिन्ही सोमवारी.

कोंबड्यांचे. पण हसू नकोस. पलीकडच्या खोलीतल्या सुभद्राबाईंनी होळीनंतर सहा कोंबड्या आणल्या. धरणगावच्या सहा नणंदांची नावं त्यांना ठेवली. रोज सकाळी दार उघडून मोठ्याने म्हणतात, "ए गोदे, किती खाशील गं? भावाचं घर बुडवशील!" चोवीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडतं आणि बाई दिवसभर प्रसन्न असतात. आम्हीही खूश होतो.

सतरा एप्रिलला सकाळी गोदी नळाच्या ओट्याखाली मरून पडली होती. चोवीसला शेवंता आणि काल कलावती. ह्या दोघी लोटूआप्पाच्या दारात, पाण्याच्या मातीच्या कुंडीपाशी. अंगावर ओरखडा नाही, रक्त नाही, मान सरळ. सुभद्राबाई इतक्या रडल्या, की मी चहा करून पाजला. शेवंता नावाच्या खऱ्या बाईशी तर त्या गेली सहा वर्षं बोलत नाहीत.

लोटूआप्पा तुला आठवेल. आपल्याच अमळनेरकडचा, साठीचा, एकटा राहतो. लूमच्या बीमवरचे सुताचे तार हाताने सांधायला जातो. एवढाल्या बोटांनी एवढी बारीक गाठ मारतो, की बघत राहावं. कोंबड्या त्याच्या खाटेवर घाण करतात म्हणून गुढीपाडव्याला तो भर चाळीत म्हणाला होता, "एक दिन एकेकीनी मान मुरगाळसू!" आता सगळे त्याच्याकडे बघतात.

तू तिकडे गांधीनगरला हेच शिकतेस ना? एकामागून एक खून करणाऱ्या माणसाचं मन कसं असतं ते? मग आमचाही माणूस शोधून दे. चाळमालक छगनभाईंच्या कानावर गेलं तर ते लोटूआप्पाला खोली रिकामी करायला लावतील. एकतीस वर्षं तो त्या खोलीत आहे. तो नसेल तर नाही म्हणून सांग, असेल तर आहे म्हणून. मला काहीतरी नक्की कळायला हवं.

अक्षर वाकडं आलंय. परवाच्या रविवारी आठ किलो कैऱ्या चिरल्या, मीठ बोटांच्या चिरांत गेलंय. गावाकडून एकट्या आलेल्या पोरांना वर्षाचं लोणचं माझंच लागतं.

जेवत जा.
सुषमाआत्या


गांधीनगर
६ मे २०२३

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं आणि जोरात हसले, म्हणून सरांनी बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून पुन्हा वाचलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. एकतीस वर्षं ह्या शब्दांपाशी थांबले.

तर ऐक. आम्हाला असं शिकवतात, की असा माणूस मारण्यापुरतं जे करतो ते वेगळं, आणि मारण्याला गरज नसताना जे करतो ते वेगळं. दुसऱ्यातून त्याचं मन दिसतं. तुझ्या पत्रात ती गोष्ट मला लख्ख दिसली: पाणी. तिन्ही वेळा प्रेत पाण्यापाशी. मारायला पाणी लागत नाही. म्हणजे हे त्याच्या मनाला हवं आहे. केलेलं धुऊन काढायची इच्छा, पश्चात्ताप. दर सोमवारी, म्हणजे रविवारची सुट्टी त्याला जड जाते. सगळ्यांची घरं भरलेली असतात आणि त्याचं नसतं.

माझा अंदाज असा. पुरुष, चाळीस ते साठ. घरापासून दूर, एकटा. हाताने बारीक काम करणारा, कारण जखम दिसत नाही. कोंबड्यांशी जुनं वैर. चाळीत सगळे ओळखतात, पण जवळचं कोणी नाही. कोंबडी मेली की तोही बघायला येतो आणि मागे उभा राहतो.

आत्या, हे लिहिताना मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं, आणि ते बरं वाटलं हेही कबूल करते. पण हा अभ्यास आहे, निकाल नाही. कुणालाही दाखवू नकोस. सुभद्राबाईंना तर अजिबात नको.

पुढच्या शुक्रवारी वर्गात प्रत्येकाने एक प्रकरण मांडायचं आहे. मी हेच मांडू का? कोंबड्या म्हणून सांगणार नाही, शेवटी सांगेन.

तुझी
योगू


नवागाम
११ मे २०२३

चि. योगिता,

सोमवारी इंदू गेली. लोटूआप्पाच्याच दारात. चोच कुंडीत बुडालेली.

तुझं पत्र मंगळवारी आलं. बाई, तू तर लोटूआप्पाला न बघता त्याचा फोटो काढलास! एकटा, हाताचं बारीक काम, आणि इंदू मेली तेव्हा खरंच सगळ्यांच्या मागे उभा होता.

मग कैऱ्या फोडणीला टाकता टाकता माझ्या मनात आलं, की हे वर्णन आणखी कुणाकुणाला बसतं? बोटांवर मोजायला लागले. वरच्या मजल्यावरचे चौघे, नळासमोरचे तिघे, कोपऱ्यातले ते ओडिशाचे सहा जण. एकटे, घरापासून दूर, हाताने काम करणारे, रविवार जड जाणारे. योगू, हे तर सगळं नवागाम झालं. कोंबडी मेल्यावर मागे उभे राहणारे म्हणशील, तर पुढे सुभद्राबाई लोळण घेत असताना माणूस मागेच उभा राहणार ना?

हे तुला कौतुकाने सांगतेय, दोष देत नाही.

आता कबुली. मी पत्र सुभद्राबाईंना दाखवलं. सगळं नाही, अर्धं पान. त्या इंदूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मला बघवलं नाही. म्हटलं, माझी भाची शोधतेय, बघा काय लिहिलंय. वाचता वाचता त्यांनी चाळीतल्या संदीपला हाक मारली, त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि चाळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गांधीनगरच्या पोलिसांचा रिपोर्ट'. मी त्याला म्हटलं, अरे ती पोलीस नाही, विद्यार्थिनी आहे. तो म्हणाला, "काकी, पोलीस लिहिलं की लोक वाचतात."

संध्याकाळी लोटूआप्पाला कुणीतरी वाचून दाखवलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "माले कोंबडी आवडस, पन ताटमा. आनि चोरीनी नही, पैसा दिसन, इकत लिसन." दोघे-तिघे हसले. बाकीचे नाही.

मला वाईट वाटतंय. इंदू बिचारी आदल्याच संध्याकाळी माझ्या हातची भाकरी खाऊन गेली होती. शनिवारी मी बारडोलीला चाललेय, ह्यांच्या बहिणीकडे लग्न आहे. मंगळवारी परत.

सुषमाआत्या


गांधीनगर
१५ मे २०२३

प्रिय आत्या,

मी तुझ्यावर रागावले आहे. हे वाक्य तीन वेळा लिहून पाहिलं, कारण खरं तर मी माझ्यावर रागावले आहे.

शुक्रवारी मी प्रकरण मांडलं. फळ्यावर चाळीचा नकाशा, प्रेतांच्या जागी तांबडे टिंब. पाण्याबद्दल बोलले, पश्चात्तापाबद्दल बोलले. शेवटी सांगितलं की मेलेल्यांची नावं गोदी, शेवंता, कलावती आणि इंदू असून चौघी कोंबड्या आहेत. टाळ्या पडल्या. दोघी मैत्रिणी तर बाकाखाली गेल्या हसून.

सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मेल्या कशाने?"

मी म्हटलं, "सर, जखम नव्हती."

"ते कळलं. मेल्या कशाने? मारलं कोणी हा दुसरा प्रश्न. मुळात कुणी मारलंय का, हा पहिला प्रश्नच तू विचारलेला नाहीस."

आत्या, मी एका माणसाचं अख्खं मन लिहून काढलं, आणि त्याआधी कोंबडीकडे बघितलंच नाही. तो अर्धं पान ऐकून घेणारा माणूस डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मला सगळं सांग. मरायच्या आधी कुणी पाहिलं का त्यांना? कशा चालत होत्या? काय खात होत्या, कोण घालत होतं? लहानसहान वाटलं तरी लिही. लहानसहानच लिही.

योगू


नवागाम
२२ मे २०२३

चि. योगिता,

बारडोलीहून आले ते पाठ धरूनच, म्हणून उत्तराला उशीर. इकडे फार झालं गं.

मी नव्हते तेव्हा, चौदा तारखेच्या रविवारी, चाळीने लोटूआप्पाच्या दारासमोर पाळत ठेवली. सोमवारी एकही कोंबडी मेली नाही. कालच्या रविवारीही पाळत होती, आज सोमवार, जनी आणि रुख्मा दोघी टुणटुणीत. आता कुणाला पुरावाच नको. पाळत ठेवली की थांबतं, म्हणजे तोच. छगनभाई आले आणि म्हणाले, "बेन, मने तो चालीमां शांति जोईए." त्यांना शांतता हवी, म्हणून आप्पाने एकतीस तारखेपर्यंत खोली रिकामी करायची.

लोटूआप्पा भांडला नाही. मी जाऊन म्हटलं, "आप्पा, तुम्ही काही बोलत का नाही?" तर म्हणाला, "काय बोलू? त्या कागदमा मी एकटा शे आसं लिखेल शे. ते खोटं थोडंच शे?"

मला त्या रात्री भाकरी गेली नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. इंदूला सुभद्राबाईंनी पाहिलं होतं. सकाळी ती झिंगल्यासारखी चालत होती, चोच उघडी. सरळ कुंडीकडे गेली आणि पाणी पीत सुटली, पीत सुटली, आणि तिथेच कलंडली. म्हणून तर लोक म्हणतात, कुंडीतच विष होतं. पण त्याच कुंडीत चिमण्या रोज पाणी पितात आणि त्यांना काही होत नाही. ती कुंडी आप्पाने त्यांच्यासाठीच ठेवलीय. उन्हाळाभर दिवसातून दोनदा भरतो. बाकी आमच्या दारांत बादल्यांवर झाकणं असतात, पाण्याची ओढाताण किती ते तुला ठाऊक आहे.

खाणं म्हणशील तर सुभद्राबाई कण्या टाकतात. आणि रविवारी माझ्याकडे मेजवानी. कैऱ्यांना मीठ-हळद लावली की संध्याकाळपर्यंत पातेलंभर पाणी सुटतं. ते ओतून द्यायचं माझ्या जिवावर येतं. मग शिळ्या भाकरीचे तुकडे त्यात मुरवते आणि परातीत घालते. कशा तुटून पडतात! धीट असेल तिला जास्त मिळतं. पहिल्यांदा गोदीनेच परात चाटूनपुसून साफ केली होती. गेले दोन रविवार कैऱ्या चिरल्या नाहीत, आधी लग्न आणि मग पाठ, तर जनी आणि रुख्मा माझ्या उंबऱ्याशी येऊन बघत बसतात. आता अठ्ठावीसला शेवटच्या पाच किलो करणार आहे.

अजून काय लिहू? तूच काहीतरी कर.

सुषमाआत्या


गांधीनगर
२५ मे २०२३

माझी आत्या,

हे कुरिअरने पाठवतेय, शनिवारी तुला मिळायलाच हवं. फोनवर सांगण्यासारखं नाही. तुला ते ओरडून विचारावं लागेल, आणि मला ओरडून सांगावं लागेल. ते मला जमणार नाही.

बसून वाच.

मी गुन्हेगाराचं नवं वर्णन केलंय. आधीचं फाडून टाक.

स्त्री. पन्नाशीच्या आसपासची. चाळीत सगळ्यांना हवीहवीशी. हातात मीठ मुरलेलं, म्हणून अक्षर वाकडं येतं. तिला काही टाकवत नाही. मी शाळेत असताना माझ्या जुन्या फ्रॉकची तिने पिशवी शिवली, पिशवी फाटली तेव्हा पायपुसणं केलं, आणि पायपुसणं झिजलं तेव्हा त्याच्याशी दोन मिनिटं बोलून मग टाकलं. कुणी दाराशी आलं तर रिकाम्या पोटी जाऊ देत नाही, मग त्याला चार पाय असोत, दोन असोत किंवा पंख असोत. ज्या दोन रविवारी ती कामाला लागली नाही, त्या दोन सोमवारी कुणी मेलं नाही. कोंबड्या मेल्यावर सगळ्यात आधी तिनेच तपास सुरू केला. हेतू एकच: माया.

आत्या, ते मीठ होतं. मी इथे पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारून आले. कोंबडीला इतकं मीठ सोसत नाही. भयंकर तहान लागते, झोकांड्या जातात, पाणी शोधत फिरते आणि दिवसभरात मरते. डॉक्टरांनी मला विचारलं, "कोण घालतं एवढं?" मी म्हटलं, "जी कुणाला काही कमी पडू देत नाही ती."

म्हणून त्या पाण्यापाशी मेल्या. पश्चात्ताप वगैरे काही नाही, नुसती तहान. आणि लोटूआप्पाच्या दारात का, ते तूच लिहिलंयस. उघडं पाणी फक्त त्याच दारात होतं. मी त्या कुंडीत खुन्याचं मन शोधत होते.

तू कधी मुद्दाम मुंगीही मारली नाहीस हे मला माहीत आहे, चाळीलाही आहे. चूक तुझी अर्धी. उरलेली अर्धी माझी, आणि माझी जास्त वाईट, कारण तू मायेने केलीस आणि मी हुशारीने. आप्पांना माझ्यातर्फे सांग. नाहीतर थांब, मीच सांगेन. शनिवारी, तीन जूनला येतेय.

अठ्ठावीसचं कैरीचं पाणी मोरीत ओत. डोळे मिटून ओत.

तुझीच
योगू


नवागाम
१ जून २०२३

चि. योगू,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा म्हटलं, छे. दुसऱ्यांदा मिठाची बरणी फडताळात मागे सरकवली. तिसऱ्यांदा पायपुसण्यापाशी हसू आलं, आणि हसता हसता रडले. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, मी चार खून केलेत. ते म्हणाले, "चहा टाकू का?"

खोटं बोलत नाही, एक विचार मनात येऊन गेला. की गप्प राहावं, नुसतं पाणी ओतून द्यावं, कोंबड्या मरायच्या थांबतील आणि सगळे विसरतील. पण आप्पाची खोली गेलीच असती. आणि त्या कागदातलं तेवढं एक वाक्य तो जन्मभर सोबत घेऊन फिरला असता.

रविवारी सकाळी नळावर सगळे जमले होते. मी हंडा खाली ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "कोंबड्या मी मारल्या." लूम बंद होते, सगळ्यांना नीट ऐकू गेलं. मग मीठ, कैरी, भाकरी, तहान, कुंडी, सगळं सांगितलं. संदीप म्हणाला, "काकी, पण रिपोर्टमध्ये तर पुरुष लिहिलंय." त्याला म्हटलं, रिपोर्ट चुकला. तसं ग्रुपवर टाक, आणि पोलीसच लिही, म्हणजे लोक वाचतील.

सुभद्राबाईंनी आपला हंडा उचलला. मला वाटलं, आता हंडा डोक्यात घालणार. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सुषमाबाई, एका उन्हाळ्यात चार नणंदा! मला चोवीस वर्षांत एक जमली नाही." आणि जे हसू फुटलं बाईंना! नळावर पाणी वाहून चाललं होतं, कुणाचं लक्ष नाही. शिक्षा मात्र झाली. चार कोंबड्या मी आणून द्यायच्या, आणि चौघींचं नाव सुषमा. सोमवारी उधन्याच्या बाजारातून आणल्या. आता रोज सकाळी ऐकते, "ए सुषमे, किती खाशील गं?"

छगनभाईंकडे आम्ही दोघी गेलो. ते म्हणाले, खोली राहू दे, पण लोणच्याची बरणी पाठवा. पाठवली.

मग लोटूआप्पाकडे गेले. वळकटी बांधून तयार. भांडी पोत्यात, पोत्याचं तोंड बांधलेलं. नळावरचं त्याच्या कानावर गेलं होतं, पण वळकटी त्याने सोडली नव्हती. माफी कशी मागायची ते मला सुचेना, म्हणून खाली बसले आणि त्याच्या पोत्याची गाठ सोडायला लागले. बीमवरच्या तारांना मारतो ती गाठ, एवढीशी, दगडासारखी. नखं दुखली, मीठ पुन्हा चिरांत झोंबलं. तो माझ्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, "सरक. ती तुले नही जमाव." दोन बोटांत गाठ सुटली. पहिली थाळी बाहेर काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "आते कैरीनं लोनचं दे. मीठ कमी."

तू येशील तेव्हा त्याच्याकडे जा. फार बोलू नकोस, नुसती बस.

आता त्याच्या दारात दोन कुंड्या आहेत. दुसरी मी आणली, तिच्यात मीच पाणी भरते. आज सकाळी नव्यांपैकी एक थेट त्याच्या खाटेवर चढली. मी दारातून बघत होते. त्याने काठी उचलली, माझ्याकडे पाहिलं, काठी खाली ठेवली आणि चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"सुषमा, पानी पी आनि निंघ आठेन!"

वाट बघतेय.
सुषमाआत्या